दसऱ्याच्या तारखेचा भोंगा

"भोंगा वाजत न्हाई, म्हणून झोप येत न्हाई मला," जरीना एकदा आईला म्हणाली.

रशिदा तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात परातीवर थांबला, तिनं लेकीकडं पाहिलं आणि पुन्हा थापायला सुरुवात केली. भोंग्यानं झोप मोडते, एवढं तिला माहीत होतं. न वाजणाऱ्या भोंग्यानं ती कशी मोडते, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

उचगावात त्यांचं घर होतं. बाप अमीन लोखंड ओतायच्या फौंड्रीत विजेच्या भट्टीवर काम करायचा. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं असायची. लहानपणी जरीना वाळत घातलेल्या सदऱ्याच्या भोकांतून आभाळ बघायची. एखाद्या धुण्याला एखादं भोक नवं दिसायचं, आणि ते छातीच्या बाजूला असलं की ती त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही. बाप घरी आल्याचं तिला सायकलीच्या स्टँडच्या आवाजावरून कळायचं. तो आवाज येईपर्यंत ती हातातलं काम पुढं न्यायची नाही. चाळणीत पीठ असेल तर चाळणी तशीच धरून बसायची. पुढं ती तंत्रनिकेतनात शिकली, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली, पण ती सवय गेली नाही.

भट्टी म्हणजे माणूस उभा मावेल एवढं भांडं. त्याच्याभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं, नळीतून वीजही जाते आणि ती गार ठेवायला पाणीही. आत पाण्यासारखं झालेलं लोखंड. लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये काही बोटं जाडीचं अस्तर, तेही रोज झिजणारं. नळीतून परत येणारं पाणी तापायला लागलं, की वेळीच वीज तोडावी लागते. नाहीतर नळी फुटते, पाणी लोखंडाला भेटतं आणि भट्टी वर उडते. तिच्या चौथऱ्यावर उभी असलेली माणसंही.

अमीनच्या पिढीचे भट्टीवाले परतीचं पाणी हातानं बघायचे. ते पाणी एका उघड्या पन्हळीत पडायचं आणि येता-जाता तिच्यात बोटं बुडवायची. बोटं ठेववली नाहीत की वीज तोडायचा खटका ओढायचा. अमीननं असा खटका एकदा ओढला होता. पुढं पंपात काही बिघाड नव्हता असं निघालं, पण तोवर भट्टीतलं लोखंड थिजलं आणि सगळं अस्तर फोडून काढावं लागलं. तेव्हापासून कारखान्याचे मॅनेजर हंबीरराव यांनी नियम घातला होता: बोटांच्या भरवशावर खटक्याला हात लावायचा नाही.

मग बोटांच्या जागी काय, तर कॉम्प्युटर. १९८७ साली तो फौंड्रीत आला. पुण्याच्या एका कंपनीनं त्याच्यावर भट्टीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम बसवून दिला. तो बंद पेटीसारखा होता, आत काय चाललंय ते दिसायचं नाही. पण आपल्या कारखान्यापुरतं काही जोडायचं असलं तर त्यात एक जागा मोकळी ठेवली होती. त्या जागेत बसणाऱ्या भागाला फौंड्रीत सगळे जोड म्हणायला लागले. पाण्याची जोड जरीनानं लिहायची, असं ठरलं. तिला हंबीररावांनी टायपिंगसाठी ठेवलं होतं. पण पुण्याचा माणूस शिकवत होता तेव्हा शेवटपर्यंत बसून राहिलेली ती एकटीच होती.

जोडीत सी भाषेत लिहिलेल्या तीन फाइली होत्या. एक पाण्याच्या नळ्यांवर बसवलेल्या तापमापकांचे आकडे वाचायची, दुसरी ते पडद्यावर दाखवायची, तिसरी पाणी तापलं की भोंगा वाजवायची. तिन्हींच्या मध्ये एक छोटी सामाईक फाइल होती. कुठला तापमापक पहिला, कुठला दुसरा, एवढा क्रमच तिच्यात लिहिलेला. क्रम सगळ्यांना एकच ठाऊक असायला हवा. एकीला वेगळा आणि दुसरीला वेगळा ठाऊक झाला तर भोंगा भलतंच पाणी ऐकत बसेल.

या तीन फाइलींतून एक जोड बांधायची, तर मशीनला काय कशावर अवलंबून आहे ते सांगावं लागतं. त्यासाठी जी फाइल लिहायची तिला मेकफाइल म्हणतात. जरीनानं ती पुस्तकाची झेरॉक्स पानं समोर ठेवून लिहिली. ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा न सोडता टॅब मारायचा असतो, एवढ्यावर तिचे कितीतरी दिवस गेले. पण जमल्यावर तिला ते फार आवडलं. आता 'मेक' म्हटलं, की मशीन प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली त्याची वेळ बघायचं. लिहिलेली फाइल तिच्या तयार भागापेक्षा नवी असेल तर तो भाग पुन्हा तयार करायचं. तयार भागच नवा असेल तर त्याला हात लावायचं नाही. सगळं नव्यानं करायला लागणारा वेळ वाचायचा. वीज सारखी जायची, त्यामुळं वेळ वाचणं मोठीच गोष्ट होती.

मशीन माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, असं तिला वाटायचं. तारखेवर मात्र ते डोळे झाकून विश्वास ठेवायचं, आणि तारीख माणूसच द्यायचा. मशीन चालू केलं की ते आधी विचारायचं, आज तारीख कोणती. जे टाइप कराल ते त्याच्यासाठी खरं.

गणपतीच्या दिवसांत जोडीची चाचणी सुरू झाली. भोंगा पाणी जरा कोमट झालं की ओरडायचा.

"अमीनभाई, तुमची लेक वराडती बघा," आकाराम म्हणायचा. तो अमीनच्या बरोबरीचा भट्टीवाला होता. "घरात बी असंच हाय का हो?"

"घरात गप असती," अमीन म्हणायचा. "सगळं हितं साठवून ठेवलंय तिनं."

दसऱ्याला जोड कायमची सुरू करायची होती. त्या फौंड्रीत नवं काहीही दसऱ्यालाच सुरू व्हायचं. शिमग्यात आलेली क्रेनसुद्धा दसऱ्यापर्यंत ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. खंडेनवमीला भट्टीला हार पडला, लोखंड ओतायच्या लॅडलला हळदकुंकू लागलं, कॉम्प्युटरवरही झेंडूची माळ आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून कॉम्प्युटरही बंदच राहिला. पण जोड तयार नव्हती. भोंगा उगाच फार वाजतो, ही तक्रार मिटायची होती. दसरा होऊन गेल्यावर जरीनानं भोंग्याची तेवढी फाइल सुधारली आणि तेवढाच भाग नव्यानं तयार केला.

त्यानंतर दोन दिवसांनी हंबीरराव नारळ घेऊन वरच्या, कॉम्प्युटर ठेवलेल्या केबिनमध्ये आले.

"झाली का जोड?"

"झाली, साहेब. गार पाण्याच्या टाकीवर आज नवा तापमापक बसवलाय, त्याची वायर पहिल्या जागेवर घेतलीय. तेवढा क्रम बदलला की झालं."

"मग बदल आणि कर सुरू. आणि हे बघ, ह्यातनं जो कागद छापून येतोय ना, त्यावर दसऱ्याची तारीख आली पायजे."

"दसरा झाला की, साहेब."

"मला कळतंय झालाय ते. आमच्या थोरल्या मालकांपासनं, आबांपासनं हितं एक गोष्ट दसऱ्याबाहेर सुरू झालेली न्हाई. मशीन काय विचारतंय तुला? तारीखच विचारतंय नव्हं? मग सांग त्याला, आज दसरा हाय. त्याचं काय जातंय?"

जरीना हसली. बाहेर आकाराम पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि विचारल्यावर दसऱ्याची तारीख दिली. मग क्रमाची फाइल बदलली. मुहूर्ताला जुनं नको, म्हणून आधीची बांधलेली जोड पुसून टाकली, तिचे तयार सुटे भाग तसेच ठेवले आणि 'मेक' म्हटलं. पडद्यावर ओळी वर सरकल्या. नारळ फुटला. नवी जोड सुरू झाली, पडद्यावर टाकीतलं पाणी आणि परतीचं पाणी दोन्हींचे आकडे बरोबर दिसायला लागले. कागदावर दसऱ्याची तारीख छापून आली. हंबीररावांनी तो कागद कपाळाला लावला.

त्यानंतर हंबीररावांनी पन्हळीवर पत्रा मारून घेतला, धूळ पडू नये म्हणून. आणि नियम पुरा केला: भोंगा वाजल्याशिवाय वीज तोडायची नाही, वाजला की विचारायचं नाही.

दिवाळी जवळ आली. एका संध्याकाळी जेवताना अमीन म्हणाला, "जरी, तुझा भोंगा लई शाना झालाय. दसऱ्यापासनं एकदा बी वराडला न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"एकदा बी न्हाई. आकाराम म्हणतोय, लगीन ठरलं वाटतं त्याचं."

रशिदा हसली. जरीनाच्या हातातला घास हातातच राहिला. पाणी किती तापल्यावर वाजायचं ती हद्द तिनं थोडी वाढवली होती, भोंगा मुका केला नव्हता. इतक्या दिवसांत एखाद्या वेळी तरी पाणी तेवढं तापायचंच. पडद्यावर ते तापलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि पाहताना आपण कशाची वाट पाहतोय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या रात्री ती जागीच होती. सकाळी आईला न वाजणाऱ्या भोंग्याचं ते वाक्य बोलून ती बापाच्या आधी निघाली नाही, त्याच्याबरोबरच निघाली. त्याच्या सायकलीवर मागं बसून. शाळा सुटल्यापासून ती असं बसली नव्हती. वाटेत तिनं त्याचा सदरा मागून मुठीत धरला होता.

केबिनमध्ये आल्यावर तिनं फाइलींची यादी पडद्यावर काढली. शेजारी प्रत्येकीची तारीख होती. क्रमाची फाइल दसऱ्याची. वाचणारा भाग दसऱ्याचा. पडद्याचा भाग दसऱ्याचा. भोंग्याचा भाग मात्र दसऱ्यानंतरचा.

तिनं ते पुन्हा वाचलं. मुहूर्ताच्या दिवशी मशीनला वाटलं आज दसरा आहे. गणपतीत तयार झालेले दोन भाग त्याच्या हिशेबी जुने होते, म्हणून त्यानं ते नव्या क्रमानं पुन्हा केले. भोंग्याचा भाग त्याच्या हिशेबी अजून यायच्या दिवसाचा होता. त्याहून नवं काही असूच शकत नव्हतं. म्हणून मशीननं त्याला हात लावला नाही. भोंग्याला अजून जुनाच क्रम ठाऊक होता. पहिल्या जागेवर परतीचं पाणी आहे असं समजून तो ऐकत होता, आणि पहिल्या जागेवर आता टाकी होती. टाकीतलं पाणी कधीच तापत नाही. दसऱ्यापासून तिचा बाप, आकाराम आणि बाकीचे त्या चौथऱ्यावर उभे होते, आणि त्यांच्यासाठी जागं राहणारं कुणीच नव्हतं.

केबिनच्या काचेतून भट्टी दिसत होती. पहिल्या पाळीचं लोखंड आत पडलं होतं आणि बुडाशी वितळायला लागलं होतं. अमीन सळईनं ढवळत होता.

ती हंबीररावांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, भट्टी थांबवा."

"काय झालं?"

"भोंगा बहिरा हाय. परतीचं पाणी त्याला ऐकूच येत न्हाई. माझ्याकडनं चूक झाली, तारखेनं घोळ झाला. टाकीचं पाणी ऐकतोय तो."

हंबीरराव उठून तिच्याबरोबर केबिनमध्ये आले. पडद्याकडं त्यांनी निरखून पाहिलं. "परतीचं पाणी हितं दिसतंय की. बरोबर हाय का हा आकडा?"

"हा बरोबर हाय. भोंगा..."

"मग तू बघत बस. तापलं तर सांग."

"नीट करायचं तर जोड बंद करावी लागती. सगळे भाग पुसून नव्यानं बांधायला लागतात. तोवर पडदा बी दिसायचा न्हाई. म्हणून म्हणते, तेवढा वेळ वीज तोडा."

"अर्धवट वितळलंय आत. आता तोडली तर थिजतंय. मागं थिजलं तेव्हा मालकांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलंतं." ते तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि त्यानं जरीना जास्तच घाबरली. "अमीनला सांगतो लक्ष ठेवायला. तू कर तुझं. पटापट कर."

ते खाली गेले. काचेतून जरीनाला ते बोलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. अमीननं वर केबिनकडं बघितलं. मग तो पन्हळीकडं गेला, तिच्यावरचा पत्रा बघितला, त्याचे बोल्ट बघितले. मग परतीच्या नळीवर त्यानं आपला उजवा तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिला.

जरीनानं जोड बंद केली. पडदा काळा झाला. तिन्ही तयार भाग पुसले, एकही ठेवला नाही. 'मेक' म्हटलं. पहिली ओळ आली आणि मशीन आत कुठंतरी घुरघुरत राहिलं. या मशीनला एक फाइल करायला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं. आज ते तिला खोटं वाटत होतं. वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, हा विचार तिला आला आणि तिनं तो परत ढकलला. तिनं पडद्याकडं बघायचं ठरवलं होतं. पण डोळे काचेकडं जात होते.

अमीनचा हात नळीवरच होता. त्यानं आकारामला काहीतरी सांगितलं, आकाराम हसला. दुसरी ओळ आली.

मग अमीननं हात काढला. तळवा झटकला, त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा काढला. खांद्यावरचं फडकं घेऊन ते नळीवर धरलं आणि फडक्यावरून हात ठेवला. तिथं उभं असलेल्या माणसांना त्यात काही वाटलं नसेल. जरीनाला त्या फडक्यानं सगळं सांगितलं. खटका आकारामच्या मागं होता, चार पावलांवर. अमीननं खटक्याकडं पाहिलं, मग हंबीररावांकडं पाहिलं. हंबीररावांनी मान हलवली. थांब म्हणाले, की अजून थोडं म्हणाले, काचेआडून कळलं नाही. अमीन खटक्याकडं गेला नाही. एकदा ओढून त्यानं त्याची किंमत पाहिली होती. तो फडकं धरून उभा राहिला.

तिसरी ओळ आली. भोंग्याची.

जरीनाला उठून पळत खाली जावंसं वाटलं. पण आपण खाली पोचेपर्यंत इथली जोड सुरू करणारं कुणी नाही, हेही तिला दिसत होतं. ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. भाग जुळायला लागले. मशीन थांबलं. जोड तयार झाली होती. तिनं सुरू करायचा शब्द टाइप केला, एक अक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा टाइप केला.

पडद्यावर परतीच्या पाण्याचा आकडा आला आणि तो वाचून व्हायच्या आत भोंगा वाजला.

तो सगळ्या शेडमध्ये घुमला. खाली क्षणभर कुणीच हललं नाही. दसऱ्यापासून त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. मग आकारामनं वळून खटका ओढला. अमीननं फडकं टाकलं आणि बाकीच्या दोघांना पाठीत हात घालून चौथऱ्यावरून खाली ढकललं. शेवटी तो स्वतः उतरला. चौघं शेडच्या दारापर्यंत गेले आणि तिथं उन्हात उभे राहिले. भट्टीतून नेहमीचा घुमणारा आवाज यायचा थांबला होता. फक्त भोंगा वाजत होता.

हंबीरराव धापा टाकत केबिनमध्ये आले. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवयांत अडकला होता. पंपात हवा धरली होती, कुणीतरी झडप उघडून ती काढली होती, असं त्यांनी येता येता सांगितलं. त्यांनी पडद्याकडं बोट केलं. आकडा हळूहळू उतरत होता.

"उतरतंय बघ. उतरतंय का न्हाई?"

"उतरतंय," जरीना म्हणाली.

"मग बंद कर त्यो भोंगा. लोखंड अजून पातळ हाय, आत्ता वीज दिली तर वाचतंय. जोवर हे वाजतंय तोवर ती माणसं वर चढायची न्हाईत. मीच नियम केलाय, आता मीच कसा सांगू त्यांना?"

जरीनानं हात कीबोर्डवरून काढून घेतले. नळीच्या आत काय झालंय, अस्तराला कुठं तडा गेलाय का, हे पडद्यावर दिसत नव्हतं. ते कुणालाच दिसत नव्हतं. काचेतून तिला बाप दिसत होता. तो उन्हात उकिडवा बसला होता, उजवा तळवा डाव्या हातात घेऊन त्यावर फुंकर मारत होता.

"जरीना, मी काय म्हणतोय?" हंबीरराव म्हणाले. "एक बटण तर दाबायचं हाय. कुठलं ते मला दाव, मी दाबतो."

त्यांची बोटं कीबोर्डवर फिरली आणि कुठंच टेकली नाहीत.

"दोन मिनिटं गेली तर सगळं थिजतंय गं, बाई. तुझा बाप काय, मी काय, सगळ्यांची नोकरी हाय ह्याच्यावर."

पाणी पूर्ण गार झाल्याशिवाय भोंगा आपोआप थांबत नव्हता. त्याआधी थांबवायचा शब्द तिनं स्वतःच ठरवला होता आणि तो अजून कुणाला सांगितला नव्हता. हंबीरराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. जरीनानं खुर्ची मागं सारली, चपला पायात सरकवल्या, आणि भोंगा तसाच वाजत ठेवून ती केबिनमधून बाहेर पडली, बाप बसला होता तिकडं.